पटर दुकानातल्या गालिच्यावर नव्हे, आपल्या ग्रीनवर पारखावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर गोल्फची बातमी अधूनमधून येते. ती बहुधा परदेशातल्या एखाद्या व्यावसायिक स्पर्धेची असते आणि विजेत्याने पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, किती फटके कमी घेतले, एवढ्यावर ती संपते. बडोद्यात, अहमदाबादेत, पुण्यात, नाशकात दर रविवारी उजाडता उजाडता खांद्याला पिशवी लावून मैदानावर जाणाऱ्या हौशी खेळाडूचे प्रश्न मात्र वेगळेच असतात. आपल्या मैदानावर कोणत्या पद्धतीने खेळावे, नवख्याने जुन्याजाणत्यांबरोबर बरोबरीने कसे खेळावे आणि पटर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर (ग्रीनवर) चेंडू घरंगळवायची काठी, कोणता घ्यावा, हे ते प्रश्न. आमच्या सहा-सात मराठी मंडळींच्या कंपूत खेळ आटोपून चहा आला की हाच विषय निघतो. मी बावन्नाव्या वर्षी हा खेळ हातात धरला, त्याला आता चौदा वर्षे झाली. या काळात एक गोष्ट मला फार तीव्रतेने वाटू लागली आहे. स्पर्धेची पद्धत आणि हातातला पटर या दोन्ही गोष्टी आपले मैदान आणि आपला वकूब पाहून ठरवायला हव्यात. आपण त्या दूरचित्रवाणीवरचा खेळ पाहून ठरवतो, आणि त्यापायी पुष्कळ चांगली माणसे दोन-तीन वर्षांत हा खेळ सोडून देतात.

आधी मैदानाविषयी. बडोद्याच्या मराठी माणसाला गोल्फ परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात 1930 च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान तयार झाले. पुढे 1990 च्या दशकात श्रीमंत समरजितसिंह गायकवाड यांनी त्याची नव्याने उभारणी करून ते सर्वांसाठी खुले केले. रणजी करंडकात खेळलेल्या एका क्रिकेटपटूने हे काम केले, याचे मला विशेष वाटते. गायकवाड बडोदा गोल्फ क्लबात चेंडूमागे चालताना समोर राजवाड्याचा मनोरा दिसतो, झाडीत मोर ओरडतात, आणि खेळ मनासारखा झाला नाही तरी सकाळ वाया गेली असे वाटत नाही. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादजवळचे केन्सव्हिल हे गोल्फपटू जीव मिल्खासिंग यांनी आखलेले आधुनिक मैदान आहे. 2011 मध्ये तिथे युरोपच्या चॅलेंज टूर या व्यावसायिक मालिकेतली स्पर्धा झाली होती. जुन्या झाडीतले मैदान आणि मोकळ्या माळावर वाऱ्यात, पाण्याच्या कडेने आखलेले मैदान, या दोन्हींवर तोच माणूस तेच क्लब (काठ्या) घेऊन खेळला तरी दोन निरनिराळे खेळ खेळल्यासारखे होते. झाडीत सरळ चेंडूला मोल असते, लांब चेंडूला फारसे नाही. माळावर वारा आणि पाणी यांचा हिशेब आधी करावा लागतो.

हा फरक आता आकड्यांतही मांडता येतो. 2020 मध्ये जगभर एकच हँडिकॅप पद्धत, म्हणजे खेळाडूच्या वकुबाप्रमाणे त्याला फटक्यांची सूट देण्याची पद्धत, लागू झाली. तिच्यात खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ फेऱ्यांवरून त्याचा निर्देशांक काढतात, आणि तो निर्देशांक मैदानाच्या स्लोप रेटिंगने (ते सामान्य खेळाडूला किती अवघड, त्याच्या आकड्याने) गुणून 113 ने भागतात. मग त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) आणि पार यांमधला फरक मिळवतात. हा शेवटचा फरक क्षणभर बाजूला ठेवला, तर ज्याचा निर्देशांक 22 आहे त्याला 120 स्लोपच्या मैदानावर 23 फटके मिळतात आणि 130 स्लोपच्या मैदानावर 25. पाहुणा म्हणून दुसऱ्या क्लबात गेलेल्या आमच्यापैकी निम्म्या लोकांना हा हिशेब ठाऊक नसतो. घरच्या मैदानावरचाच आकडा ते तिथे सांगतात आणि मग दिवसभर हरल्याची खंत बाळगतात. नऊ होल खेळून घरी जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की नऊ होलांचा स्कोअरही हँडिकॅपसाठी ग्राह्य धरतात. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

आता पद्धतीविषयी. आपल्याकडच्या बऱ्याचशा हौशी स्पर्धा अजून स्ट्रोक प्लेच्या असतात, म्हणजे अठरा होलांत घेतलेला एकूण एक फटका मोजायचा. व्यावसायिकांच्या मोठ्या स्पर्धा याच पद्धतीने होतात, म्हणून आपणही तसेच खेळावे असा समज आहे. माझे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने शिकले आणि दुसऱ्या शहरातल्या एका क्लबाच्या स्पर्धेला माझ्याबरोबर आले. चौथ्या होलवर त्यांचे तीन चेंडू पाठोपाठ तळ्यात गेले. पार पाचचा होल त्यांनी तेरात पूर्ण केला. त्यानंतरचे चौदा होल हा गृहस्थ एक शब्द बोलला नाही. शेवटच्या ग्रीनवर पोचायच्या आधीच त्यांनी कार्ड घडी करून खिशात घातले आणि परतीच्या प्रवासात ते म्हणाले, "हा आपला खेळ नव्हे." एका होलने त्यांचा दिवस बुडवला होता, आणि उरलेल्या होलांवर त्यांनी जे पाच-सहा सुरेख फटके मारले होते त्यांची कोणी दखलसुद्धा घेतली नाही.

अशाच माणसांसाठी डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी गुणांची पद्धत काढली. वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनशायर क्लबात 1898 मध्ये त्यांनी तिचा पहिला प्रयोग केला आणि 1932 मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात ती आजच्या रूपात स्पर्धेसाठी वापरली गेली. हँडिकॅपचे फटके वजा केल्यावर होल पारमध्ये झाला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, दोन कमी लागले तर चार. दोन किंवा अधिक फटके जास्त गेले तर शून्य. ज्याला 24 फटके मिळतात त्याला प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड सहा होलांवर दोन फटके सूट मिळते. अवघड पार चारवर त्याने सहा फटके घेतले तरी तो निव्वळ पार ठरतो आणि त्याच्या पदरात दोन गुण पडतात. अठरा होलांत 36 गुण झाले की तो आपल्या हँडिकॅपला साजेसे खेळला. आणि तळ्यात तीन चेंडू गेले? तिथे शून्य मांडायचे, चेंडू उचलायचा आणि पुढच्या टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, नव्या मनाने उभे राहायचे. मागून येणाऱ्या चौकडीलाही तिष्ठत बसावे लागत नाही. उन्हाळ्यात साडेनऊला अंग भाजू लागणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट लहान नाही. माझ्या त्या स्नेह्यांना मी वर्षभराने आग्रह करून स्टेबलफर्डच्या एका फेरीला आणले. त्यांचे 31 गुण झाले, दोन होलांवर शून्य पडले, आणि गाडीत बसेपर्यंत ते सोळाव्या होलवरच्या आपल्या बर्डीचीच (पारपेक्षा एक फटका कमी) गोष्ट सांगत होते.

जुने सभासद यावर म्हणतात की स्टेबलफर्ड म्हणजे सवलत, खरी परीक्षा प्रत्येक फटका मोजण्यातच आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच महिन्यातून एकदा मेडलची फेरी स्ट्रोक प्लेने व्हावी आणि एरवीचे रविवार स्टेबलफर्डचे असावेत, असे मला वाटते. मॅच प्ले, म्हणजे होलागणिक हार-जीत ठरवण्याची पद्धत, दोघांच्या चुरशीला उत्तम आहे, कारण त्यात एक होल हरला तर एकच होल हरतो. नवरा-बायकोंनी किंवा बाप-लेकांनी आळीपाळीने एकच चेंडू मारण्याची फोरसमची पद्धत आपल्याकडे फारच कमी खेळली जाते. ती खेळून पाहावी, फेरी लवकर होते. स्क्रॅम्बलविषयी मात्र माझे मत फारसे चांगले नाही. त्यात चौघांपैकी ज्याचा चेंडू उत्तम पडला तिथूनच सगळे पुढे खेळतात. सणासमारंभाला ते ठीक आहे, पण नवख्याला स्वतःच्या वाईट फटक्याच्या जागी जाऊन तिथून सुटायचे कसे हे त्यात शिकायला मिळत नाही, आणि त्या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठीही चालत नाही.

आता पटर. या विषयावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण इथेच सर्वांत जास्त पैसा आणि जीव वाया जातो. पार 72 च्या मैदानाचा हिशेब प्रत्येक ग्रीनवर दोन पट (पटरचे फटके) धरून केलेला असतो, म्हणजे 72 पैकी 36 फटके एकट्या पटरचे. मी स्वतःच्या कार्डांवर गेली तीन वर्षे पट वेगळे लिहून ठेवतो. ज्या दिवशी माझे 98 झाले त्या दिवशी त्यात 39 पट होते. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, मी संपूर्ण फेरीत बारा-तेरा वेळा काढतो. असे असून नवखा खेळाडू पहिली खरेदी ड्रायव्हरची करतो आणि पटर म्हणून संचाबरोबर जो मिळेल तो घेतो, नाहीतर एखाद्या नामवंत खेळाडूच्या हातात पाहिलेला मागवतो.

मीही तेच केले. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात, गुळगुळीत कृत्रिम गालिच्यावर, मी एक महागडा ब्लेड (अरुंद, पात्यासारख्या डोक्याचा) पटर पाच मिनिटे वापरून पाहिला आणि विकत घेतला. गालिच्यावर चेंडू रेषेवरून धावत होता. मग पावसाळा लागला. श्रावणातली ती सकाळ मला अजून आठवते. ग्रीनवर पाण्याचे बारीक थेंब होते आणि आठ फुटांचा पट होता. मी दुकानातल्यासारखाच फटका मारला. चेंडू पटरवरून निघताना एक बारीक उडी मारून खाली आला, ओल्या गवतावर त्याच्या मागे एक गडद रेघ उमटली, आणि होलच्या दीड फूट अलीकडे तो थांबला. पिशवी वाहणारा कॅडी माझ्याबरोबर कित्येक वर्षे चाललेला मुलगा. तो होलच्या कडेला उकिडवा बसला आणि बोटाने दाखवत म्हणाला, "काका, घास सामुं छे, जरा जोरथी." म्हणजे गवत समोरून आपल्याकडे कललेले आहे, जरा जोराने मारा. होलच्या माझ्याकडच्या कडेचे गवत करपून थोडे विसकटले होते आणि पलीकडची कड मात्र हिरवीगार, धारदार होती. आपल्याकडच्या ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचे गवत असते, त्याची पाती एका दिशेला कललेली वाढतात. ज्या बाजूची कड करपते त्या बाजूला गवताचा कल असतो. मागे उभे राहून पाहिले आणि गवत चमकदार दिसले तर ते आपल्यापासून दूर कलले आहे, चेंडू धावेल. काळपट, मंद दिसले तर ते आपल्या अंगावर कलले आहे, चेंडू अडेल. हे त्या मुलाने मला शिकवले, आणि दुकानातल्या गालिच्यावर ते कधीच कळले नसते.

त्या पटरमध्ये माझ्यासाठी तीन दोष होते आणि ते शोधायला मला पाऊण वर्ष लागले. पहिला दोष त्याच्या तोंडाच्या कलाचा. पटरचे तोंड सरळ उभे दिसले तरी त्याला साधारण तीन-चार अंशांचा लॉफ्ट असतो, कारण चेंडू गवतात किंचित रुतून बसतो आणि त्याला आधी अलगद वर काढावे लागते. माझ्या पटरला तो फारच कमी होता. अतिजलद, अगदी बारीक कापलेल्या ग्रीनवर तसा चालतो. आपल्या पावसाळी ग्रीनवर मात्र चेंडू गवतात दाबला जातो आणि मग उसळतो.

दुसरा दोष लांबीचा. माझी उंची पाच फूट पाच इंच, आणि दुकानदाराने दिला 35 इंची, कारण दुकानात तोच होता. लांब पटर घेऊन मी वाकून उभा राहायचो, त्यामुळे त्याच्या डोक्याची टाच, म्हणजे दांड्याकडची बाजू, जमिनीला टेकायची आणि पुढचे टोक हवेत राहायचे. टोक वर उचलले की तोंड डावीकडे पाहू लागते. मी कित्येक महिने डावीकडे चुकत होतो आणि दोष मनगटाला देत होतो. लांबी ठरवण्याचा साधा उपाय असा आहे की आपल्या नेहमीच्या पवित्र्यात उभे राहावे, हात खांद्यांखाली सैल सोडावेत, आणि नाकाच्या मुळाशी धरलेला चेंडू खाली सोडावा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आत पडला पाहिजे. मी शेवटी दांडा दोन इंच कापून घेतला. कापल्यावर पटरचे डोके हातात हलके वाटू लागते, म्हणून तळाला शिशाची पट्टी लावावी लागली.

तिसरा दोष तोलाचा होता आणि तो दूर करण्याजोगा नव्हता. पटरचा दांडा डोक्याजवळ तर्जनीवर आडवा तोलून धरावा. तोंड आकाशाकडे पाहत स्थिर राहिले तर तो पटर सरळ मागे-सरळ पुढे मारणाऱ्याला जुळतो, आणि पुढचे टोक खाली लोंबले तर कमानीत मारणाऱ्याला. माझा फटका सरळ आणि पटर कमानीचा. मग मी मॅलेट, म्हणजे रुंद डोक्याचा पटर, घेतला, तोही सोमवारच्या रिकाम्या ग्रीनवर तीन वेगवेगळे पटर एका मित्राकडून मागून आणून, प्रत्येकाने सहा फुटांवरून वीस-वीस पट मारून. पहिल्या दिवशी हाताला सर्वांत गोड वाटलेला पटर तिसऱ्या दिवशी मागे पडला होता. वजनाबद्दल मी ठाम काही सांगणार नाही, कारण संथ ग्रीनला जड डोके बरे असे म्हणणारे अनुभवी लोक मला भेटले आहेत आणि नेमके उलट म्हणणारेही. हे आपल्या हातानेच ठरवावे.

मी अभियंता म्हणून आयुष्य काढले, त्यामुळे एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आज बाजारात दिसणाऱ्या असंख्य पटरांचा आकार ज्यावरून घेतला आहे तो पिंगचा अ‍ॅन्सर 1966 सालचा आहे, आणि त्याचे निर्माते कार्स्टन सॉलहाइम हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता होते. ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी त्याचे पहिले रेखाटन केले होते. वजन मध्यातून काढून टाच आणि टोक यांच्याकडे नेले की चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी डोके कमी वळते, एवढाच त्यामागचा साधा पदार्थविज्ञानाचा विचार. साठ वर्षांपूर्वीचा हा आकार अजून चालतो. म्हणून दरवर्षी नव्या रंगात येणाऱ्या पटरसाठी जुना, अंगवळणी पडलेला पटर काढून टाकण्याची घाई करू नये.

आमच्या वयाच्या मंडळींसाठी दोन नियम इथे सांगण्यासारखे आहेत. 1 जानेवारी 2016 पासून पटर छातीला किंवा पोटाला टेकवून फटका मारता येत नाही. पण लांब पटर वापरण्यावर बंदी नाही, तो अंगाला न टेकवता चालतो. ज्यांची पाठ वाकत नाही त्यांनी म्हणून निराश होऊ नये. आणि 2019 पासून ग्रीनवरून पट करताना झेंड्याची काठी होलमध्ये तशीच ठेवता येते. त्यामुळे ती काढा-घालायला वारंवार वाकावे लागत नाही.

जे म्हणतात की पटर हे म्हाताऱ्यांचे हत्यार आहे आणि खरा खेळ लांब फटक्याचा, त्यांनी 2021 मध्ये झालेले टोकियो ऑलिम्पिक आठवावे. भारताची अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. तिच्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या खेळाडूंना तिने चार दिवस ग्रीनवरच्या खेळाने मागे ठेवले. त्या शनिवारी पहाटे आमच्या घरात गोल्फ म्हणजे काय हे ठाऊक नसलेली माझी सूनसुद्धा दूरचित्रवाणीसमोर श्वास रोखून बसली होती. त्यानंतर तिने माझ्याकडे पहिली मागणी केली ती पटरची, आणि अंगणातल्या लादीवर वाटीत चेंडू घालायचा सराव ती अजून करते.

क्लबांच्या समित्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर नावाची छत्तीस इंची खोबणीची पट्टी असते. तिच्यावर चेंडू ठेवून पट्टी हळूहळू उचलली की ठरावीक कलाला चेंडू सुटतो आणि ग्रीनवर जितके फूट घरंगळतो तो त्या ग्रीनचा वेग. व्यावसायिक स्पर्धांत तो अकरा-बारा फुटांच्या घरात ठेवतात, आपल्याकडे पावसाळ्यात तो त्याहून बराच खाली येतो. रविवारी सकाळी हा आकडा फलकावर खडूने लिहिला, तर पाहुण्याला पहिल्या तीन ग्रीन अंदाज बांधण्यात घालवाव्या लागणार नाहीत, आणि पटर घ्यायला निघालेल्या नवख्याला आपण कशासाठी पटर घेत आहोत हे कळेल. सरावाच्या ग्रीनजवळ दोन-तीन लांबींचे आणि दोन्ही तोलांचे जुने पटर सर्वांसाठी ठेवावेत. ते सभासदांच्या घरांतून, माळ्यावरून सहज मिळतील.

आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती अशी की सोमवारच्या अंकात स्थानिक हौशी स्पर्धांच्या निकालाला चार ओळी द्याव्यात, आणि त्यात विजेत्याच्या नावापुढे एकूण फटक्यांबरोबर त्याचे स्टेबलफर्डचे गुण आणि हँडिकॅपही छापावा. 24 हँडिकॅपच्या माणसाने 39 गुण केले तर ते त्याच्या परीने मोठे यश असते, आणि त्याच्या घरच्यांना ते मराठीत वाचायला मिळाले पाहिजे.

माझा तो पहिला ब्लेड पटर, आता 33 इंचांचा, अजून माझ्या पिशवीत असतो. कमानीत मारणारा, बेताच्या उंचीचा कोणी नवा खेळाडू रविवारी सरावाच्या ग्रीनवर भेटला, तर मी तो त्याला महिनाभर वापरायला आनंदाने देईन.

आपला,
एक हौशी गोल्फ खेळाडू
प्रतापनगर, बडोदे